वाघ-बिबट्याच्या शेजारी राहताना: नागपूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर, कुही, हिंगणा या तालुक्यांत शाळेच्या ओट्यावर, ग्रामसभेत नाहीतर शेताच्या धुऱ्यावर आम्हा स्वयंसेवकांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न रात्री दोन वाजता फोनवर आलेले आहेत. जनावर आत्ता समोर असेल तर थेट प्रश्न ४ वाचा, ढोर मेलं असेल तर प्रश्न ८, बछडे सापडले असतील तर प्रश्न १४. बाकीचं सवडीने वाचलं तरी चालेल.

१. आम्ही "वाघ आला" म्हणून फोन करतो, तर तुम्ही आधी "कोणता वाघ?" असं का विचारता?

कारण आपल्याकडे खेड्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्टेवाला असेल तर "ढाण्या" किंवा "पट्टेदार" असं वेगळं सांगावं लागतं. दोघांचं वागणं वेगळं, म्हणून आमची तयारीही वेगळी. बिबट्या झाडावर चढतो, कवेलूच्या छपरावर चढतो, कोंबडी, कुत्रं, डुकराचं पिल्लू यावर भागवतो आणि पुलाखालच्या सिमेंटच्या नळीत अख्खा दिवस काढू शकतो. ढाण्याला गावात तेवढी लपण नसते. तो बहुधा रात्रीतून वावर ओलांडून पुढे जातो किंवा नाल्याच्या झाडोऱ्यात थांबतो.

जनावर दिसलं नसेल आणि नुसता ठसा असेल, तर ठशाशेजारी काडेपेटी ठेवून वरून सरळ फोटो काढा. बिबट्याचा पंजा साधारण दीड काडेपेटी रुंद असतो, मोठ्या वाघाचा अडीच ते तीन. ठशात बोटांपुढे नखांचे टोचे दिसत असतील तर तो बहुतेक कुत्र्याचा. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात. मात्र चिखलात ठसा पसरतो, हेही ध्यानात ठेवा. आम्हाला आलेल्या "भल्या मोठ्या वाघाच्या" फोटोंमध्ये पावसात पसरलेले कुत्र्याचे पंजे कमी नाहीत.

२. नागपूर शहरात बिबट्या येतो म्हणजे काय? आम्ही तर रिंग रोडच्या आत राहतो.

शहराच्या वायव्येला गोरेवाड्याचं जंगल घरांना लागूनच आहे. अंबाझरीची झाडी, हिंगण्याकडची टेकाडं आणि मधले नाले हे सगळं रात्रीच्या जनावराला एकच सलग वाट वाटतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मिहानच्या परिसरात चक्क वाघ फिरत होता. २०२१ च्या मे-जूनमध्ये गायत्रीनगर, आयटी पार्ककडे दिसलेल्या बिबट्याच्या मागावर वनविभागाची पथकं दिवसचे दिवस होती.

असा बिबट्या शहरात टिकतो तो डुकरांवर आणि मोकाट कुत्र्यांवर, आणि ती टिकतात उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर. तुमच्या वस्तीत बिबट्या दिसला तर पिंजऱ्याचा अर्ज लिहाच, पण त्याच्या आधी नाल्याकाठचा कचरा उचलण्याचा अर्ज महापालिकेला लिहा. कुत्र्यांबद्दल आणखी प्रश्न १३ मध्ये.

३. पूर्वी एवढे वाघ दिसत नव्हते. आता गावाशेजारी का येतात?

पहिलं कारण सरळ आहे, वाघ वाढले. महाराष्ट्रात २००६ च्या अंदाजात १०३ वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. त्यातले बहुतेक आपल्या विदर्भातच.

दुसरं कारण वाघाच्या घरातलं. बछडे साधारण दीड-दोन वर्षं आईजवळ राहतात, मग त्यांना स्वतःचं रान शोधायला निघावं लागतं. नरांना तर फार लांब जावं लागतं. उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध 'जय' मूळचा नागझिऱ्याचा. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात माग काढणारा पट्टा म्हणजे कॉलर लावलेला एक नर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला, आणि कॉलरच्या नोंदींनुसार तो एकूण ३ हजार किलोमीटरच्या आसपास चालला. हे सगळं अंतर काही जंगलातून नव्हतं. पऱ्हाटी, तुरी, नाले, रेल्वेरूळ असं सगळं पार करत तो गेला, आणि वाटेतल्या बहुतेक गावांना त्याचा पत्ताही लागला नाही.

पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर, ताडोबा यांच्या मधोमध आपण राहतो. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या पट्ट्यात जे लांबच लांब पूल दिसतात, त्यांच्याखालून पाणी जातंच असं नाही. मनसर ते खवासा या टप्प्यात जनावरांसाठी अशा ९ वाटा ठेवल्या आहेत, सर्वात लहान ५० मीटर आणि सर्वात मोठी ७५० मीटर. त्या वाटांवरच्या कॅमेऱ्यांत वाघ, बिबट, रानकुत्रे सगळे आलेले आहेत. गोसीखुर्द धरणाच्या सिमेंट कालव्यांना मात्र अशी सोय पुरेशी नाही. उतार गुळगुळीत, एकदा आत पडलं की बाहेर निघणं मुश्कील.

"माणसानेच जंगलात अतिक्रमण केलं" हे वाक्य आम्ही गावात उच्चारत नाही. ज्याचं गाव पणजोबापासून तिथेच आहे त्याला ते झोंबतं, आणि झोंबावंच.

४. वाघ किंवा बिबट्या समोर आला तर नेमकं काय करायचं?

पळायचं नाही आणि खाली बसायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं ही मांजराची खोड आहे, आणि वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. ताठ उभे राहा, तोंड त्याच्याकडे ठेवा, पोरगं बरोबर असेल तर उचलून घ्या, आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे सरका. मोठ्याने बोलत राहा. त्याची निघायची वाट तुमच्या मागून असेल तर बाजूला व्हा. बहुतेक वेळा तो तुमच्याआधी निघून जातो.

बघ्यांची गर्दी ही याच्यापेक्षा मोठी अडचण. सकाळी सात वाजता पऱ्हाटीत बिबट्या बसलेला दिसतो. आठ वाजता तिथे पन्नास माणसं असतात, दहा वाजता चारशे. धुऱ्यावर मोटारसायकली, झाडांवर पोरं, कुणीतरी गोटा मारतं, कुणी फटाका लावतं. चहूबाजूंनी कोंडला गेल्यावर तो सुटायला धाव घेतो आणि वाटेत येईल त्याला पंजा मारतो. अशा प्रसंगांत जखमी झालेली जी माणसं आम्ही पाहिली, ती शेतात काम करणारी क्वचितच होती. बहुतेक बघायला आलेली.

तुम्ही सरपंच, पोलीस पाटील किंवा नुसते आवाज चालणारे गृहस्थ असाल तर त्या वेळी एकच काम करा. एक बाजू, शक्यतो नाल्याकडची किंवा जंगलाकडची, पूर्ण मोकळी करा आणि माणसांना दोनशे पावलं मागे न्या. अंधार पडला की जनावर आपोआप निघतं. गर्दी ऐकतच नसेल तर पोलिसांकडून जमावबंदीचा आदेश मागता येतो. पूर्वी त्याला १४४ म्हणत, आता ते कलम १६३ झालं आहे.

५. फोन कुणाला करायचा?

वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६, किंवा पोलिसांचा ११२. त्याहून लवकर काम होतं ते तुमच्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर आधीच मोबाइलमध्ये असेल तर. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो लिहून घ्या. ताडोबा-पेंचच्या बऱ्याच गावांत आता गावातल्याच पोरांची प्राथमिक प्रतिसाद दलं, म्हणजे पीआरटी, आहेत. ती तुमच्या गावात असेल तर आधी तिला सांगा.

फोनवर चार गोष्टी सांगा: कुठे (गट नंबर नसला तरी "अमक्याच्या विहिरीमागे" चालेल), कोणता प्राणी, किती वेळापूर्वी, कुणाला लागलं आहे का. बाकी गोष्ट नंतर.

६. पिंजरा लावून पकडून दूर का सोडत नाही? पिंजरा मागितला की तुम्ही लोक नाक मुरडता.

मुरडतो, आणि त्याला कारण आहे. बिबट्या एका जागी राहतो तो तिथे त्याचं भागतं म्हणून. त्याला उचललं की जागा रिकामी होते आणि थोड्याच दिवसांत तिथे दुसरा येतो, बऱ्याचदा तरुण, वाटा न माहीत असलेला. ज्याला पकडलं तो अनोळखी रानात सोडला जातो. तिथे आधीचे बिबटे त्याला टिकू देत नाहीत, मग तो घराच्या दिशेने चालू लागतो आणि वाटेत नवी गावं येतात. जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून हलवले गेले. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून जे पुढे आलं ते उलटंच होतं: जिथे बिबटे नेऊन सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले.

म्हणजे पिंजरा कधीच नको, असं आम्ही म्हणत नाही. माणसावर ठरवून हल्ला करणारं जनावर, जखमी जनावर, घरात शिरून अडकलेलं जनावर, यांना पकडावंच लागतं. पण "दिसला" एवढ्यावरून लावलेल्या पिंजऱ्यात काही वेळा भलताच बिबट अडकतो. गाव निश्चिंत होऊन रात्री पोरांना अंगणात झोपवतं आणि खरा तिथेच असतो.

"बेशुद्ध करून न्या" हेही सिनेमात दिसतं तेवढं सोपं नसतं. सुई लागल्यावर जनावर तिथेच कोसळत नाही. औषध चढायला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात ते उधळून गर्दीत शिरू शकतं. अंधारात डार्ट मारायला पशुवैद्यक तयार होत नाहीत ते याचमुळे. त्यांना भित्रे म्हणू नका.

७. वाघ नरभक्षक झाला हे कोण ठरवतं? एक माणूस मारला की झाला का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये "नरभक्षक" हा शब्दच चालत नाही. कलम ११ प्रमाणे जनावर "मानवी जीवितास धोकादायक" झालं आहे, असं राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना लेखी कारणांसह ठरवावं लागतं. आधी पकडता येईल का, बेशुद्ध करता येईल का, दुसरीकडे हलवता येईल का हे पाहायचं. मारण्याचा आदेश सगळ्यात शेवटी. आमदारांनी सांगितलं म्हणून किंवा रस्ता रोखला म्हणून तो निघत नाही, निदान निघू नये.

तेंदूपत्ता तोडताना वाघिणीच्या बछड्यांजवळ गेलेल्या बाईवर झालेला हल्ला आणि एकाच वाघाने दबा धरून एकामागून एक माणसं मारणं, यात फरक करावा लागतो. त्यासाठी कॅमेरे लावतात, ठसे, केस, विष्ठा, डीएनए पाहतात. याला वेळ लागतो, आणि तो वेळ गावाला फार जड जातो, हे आम्हाला माहीत आहे. २०१८ मध्ये पांढरकवडा भागातल्या टी-१ वाघिणीच्या, म्हणजे अवनीच्या नावावर १३ माणसांचे बळी होते. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली आणि मग ती कशी घातली यावर देशभर वाद झाला. त्याउलट वडसा भागातला सीटी-१ हा वाघ, त्याच्याही नावावर १३ बळी होते, ऑक्टोबर २०२२ मध्ये जिवंत पकडून गोरेवाड्याला आणला गेला. सीटी-१ च्या वेळी घाई कमी झाली एवढं आम्ही म्हणू.

८. वाघाने माझी गाय मारली. भरपाईसाठी काय करावं लागेल?

तीन गोष्टी, याच क्रमाने.

मेलेलं ढोर जागचं हलवू नका. फरफटत नेल्याचे वळ, मानेवरचे दातांचे व्रण, आजूबाजूचे ठसे हाच तुमचा पुरावा. फोटो काढा, तोही कान आणि कानातला बिल्ला दिसेल असा.

वनविभागाला लवकरात लवकर, फार तर ४८ तासांच्या आत कळवा. फोन केला तरी नंतर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पंचनामा तुमच्या समोर होऊ द्या आणि सही करण्याआधी वाचा. ढोराचं वय, दूध देत होतं की भाकड, गाभण होतं का, हे त्यात येऊ द्या. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं मूल्यांकन त्यावरच ठरतं.

राज्याच्या दराप्रमाणे गाय, म्हैस, बैल मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली कमी रक्कम मिळते. शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५ हजार, यातली कमी. दर बदलत राहतात, म्हणून वनपरिक्षेत्र कार्यालयात ताजा शासन निर्णय मागून पाहा.

आणि मेलेल्या ढोरावर विष टाकू नका, रागाच्या भरातसुद्धा. वाघ खायला परत येतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि युरिया किंवा कीटकनाशक घरात असतंच. पण त्या रानात नंतर वन्यप्राणी मेलेला आढळला तर तुमचा दावा तर अडकतोच, वर शिकारीचा गुन्हाही दाखल होतो. वाघ नाही मेला तर गावची कुत्री, गिधाडं, कोल्हे मरतात.

आमचाच एक अनुभव. एका म्हाताऱ्या आजीच्या दोन शेळ्यांचा दावा आम्ही भरून दिला. कार्यालयाने तो तीनदा परत केला. आधी फोटो अस्पष्ट म्हणून, मग बँकेच्या पासबुकावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं म्हणून, मग तेच स्पेलिंग सुधारल्याचा कागद जोडला नाही म्हणून. पैसे आले तेव्हा आजीने उरलेल्या शेळ्या विकून टाकल्या होत्या. त्यानंतर आम्ही सगळ्यांना एकच सांगतो: पासबुक आणि आधारवरचं नाव आजच जुळवून ठेवा, ढोर मरायची वाट पाहू नका.

९. माणसाचा मृत्यू झाला किंवा कुणी जखमी झालं तर?

मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये. हा दर २०२३ पासून आहे. सगळी रक्कम एकदम हातात येत नाही. काही भाग लगेच धनादेशाने मिळतो, उरलेला वारसाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत जातो. कायमचं अपंगत्व आल्यास साडेसात लाख, गंभीर जखमेस ५ लाख. दवाखान्याची सगळी बिलं, अगदी औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा, जपून ठेवा.

जखम वाघाची असो, कोल्ह्याची असो की तडसाची, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. खोल जखम असेल तर लसीबरोबर सिरमही लागतं. छोट्या दवाखान्यात ते नसेल तर मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा.

१०. मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण यासाठी जंगलात जावंच लागतं. मग काय करायचं?

जाऊ नका, असं सांगण्याचा आम्हाला काहीच अधिकार नाही. त्या दोन-अडीच महिन्यांच्या पैशावर घर चालतं. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीने मारल्या. त्यानंतर दुसऱ्या गावांतल्या बाया तोडायला गेल्याच.

मोहफुलं पहाटे वेचतात, कारण ती रात्री गळतात आणि उशीर केला की जनावरं खातात. पण पहाट ही वाघाचीही वेळ, आणि वेचणारी बाई वाकलेली असते. म्हणून उजेड पडल्यावर निघा, चार-पाच जणींनी एकत्र आणि बोलत-गात. एकीने न वेचता नुसतं उभं राहून पाहायचं, आणि तिची पाळी बदलायची. हे सांगितलं की बाया हसतात, "मग तिचा वाटा कोण वेचणार?" हा प्रश्न खरा आहे. एका गावाने त्याचं उत्तर काढलं आहे: राखणीला उभी राहणाऱ्या बाईला बाकीच्या प्रत्येकी एक ओंजळ देतात.

झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करण्याची सवय सोडा. त्यातून वणवा लागतो, चितळ-सांबर पळतात आणि त्यांच्या मागोमाग वाघही जंगलाच्या कडेला येतो.

११. रात्री ओलित करायला जावं लागतं, वीजच रात्री येते. शिवाय रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक ठेवत नाहीत. धुऱ्यावर तार लावली तर बिघडलं कुठे?

ओलिताचं तुमचं गाऱ्हाणं शंभर टक्के बरोबर आहे. शेतीला दिवसा वीज मिळणं ही वाघाच्या बाजूचीही मागणी आहे, ग्रामसभेच्या ठरावात ती तशी लिहा. तोवर मोटारीपर्यंत एकट्याने जाऊ नका, मोठा टॉर्च आणि काठीला बांधलेला घुंगरू जवळ ठेवा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापून ठेवा.

तारेबद्दल मात्र स्पष्ट बोलू. खांबावरून आकडा टाकून धुऱ्यावर सोडलेली सरळ वीज, २३० व्होल्ट, ज्याला लागेल त्याला धरून ठेवते. डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि सकाळी शेजारच्या वावरातून येणारा तुमचा चुलतभाऊही मरतो. वीजचोरी, वाघाची शिकार आणि माणूस गेला तर त्याचा गुन्हा, असे सगळे एकाच वेळी लागतात.

सौर कुंपण वेगळं असतं. त्यात झटका क्षणाचा, ठरावीक अंतराने येणारा असतो. जनावर दचकून मागे हटतं, मरत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. फक्त एक: बॅटरी आणि तारेखालचं गवत याकडे दर आठवड्याला पाहावं लागतं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, आणि मग लोक म्हणतात की सौर कुंपण काही कामाचं नाही.

१२. गोठा कसा असावा?

भिंत नुसती उंच असून चालत नाही, वरूनही बंद हवा. बिबट्या छपराच्या फटीतून आत उतरतो, आणि एकदा आत गेला की घाबरलेल्या सगळ्या शेळ्या मारतो, खातो मात्र एखादी. लोखंडी जाळी, दाराला आतल्या बाजूने अडसर, बाहेर एक दिवा. गोठ्याला टेकून लाकडाचा ढीग किंवा तणसाचा ढिगारा रचू नका, ती शिडी होते. जाळीसाठी मदत मिळते का हे प्रश्न ११ मधल्या योजनेखाली विचारा.

१३. घराच्या राखणीला कुत्रा पाळला तर बिबट्या येणार नाही ना?

उलट. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं आहे. अंगणात साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला दिलेलं आवतण. रात्री कुत्रं आत घ्या किंवा जाळीत ठेवा.

१४. कापूस वेचताना बछडे सापडले. आई दिसत नाही. काय करू?

हात लावू नका, काम थांबवा, तिथून माणसं हटवा आणि फोन करा (प्रश्न ५). आई शिकारीला गेलेली असते किंवा जवळच दबून बसलेली असते, आणि बछड्यांजवळ असताना तिच्याइतकं धोकादायक जनावर दुसरं नाही. वनविभागाची माणसं बछडे तपासून त्याच जागी, बहुधा एखाद्या टोपलीखाली किंवा क्रेटमध्ये, संध्याकाळी ठेवतात आणि दुरून कॅमेऱ्याने पाहतात. आई आली की टोपली उलथवते आणि एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. कधी पहिल्या रात्री येत नाही, दुसऱ्या रात्री येते. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे. पण ती समजूत मोडायला म्हणून पिल्लू मांडीवर घेऊन सेल्फी काढू नका.

रानमांजराची पिल्लंही पुष्कळदा "बिबट्याचे बछडे" म्हणून घरी आणली जातात. रानमांजराच्या अंगावर गोल ठिपके नसतात, रंग मातकट, कानांच्या टोकाला काळे केस. त्यांनाही तिथेच ठेवा.

१५. बिबट्या विहिरीत पडला आहे.

पोहत असेल तर पहिली गरज टेकायला काहीतरी मिळण्याची. दोराने बांधून लाकडी बाज किंवा जाड ओंडका खाली सोडा आणि मागे व्हा. शिडी लावायची ती वनविभाग आल्यावर, आणि माणसं पूर्ण हटवल्यावरच, कारण वर येणारा बिबट कुणाचं स्वागत स्वीकारत नाही. विहिरीला कठडा बांधला तर हा प्रश्नच उरत नाही.

१६. अस्वल, रानकुत्रे, तडस यांचं काय? सगळे वाघाचंच बोलतात.

खरं आहे. वाघापेक्षा अस्वलाला जास्त घाबरावं, असं जंगलातली जुनी माणसं सांगतात, आणि आम्हीही सांगू. अस्वलाला दिसतं कमी, ऐकू कमी येतं, आणि मोहाखाली किंवा वारुळाजवळ खाण्यात गढलेलं असताना तुम्ही अचानक जवळ गेलात की ते थेट अंगावर येतं. लांबून आवाज करत जा. अंगावर आलंच तर पालथे पडून मान दोन्ही हातांनी झाका, कारण ते तोंड आणि डोकं पकडतं.

रानकुत्रे, ज्यांना काही भागांत कोळसुने म्हणतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. शेळ्या मात्र मारतात. तडस मुख्यत्वे मेलेल्या ढोरांवर जगतं. तडस पोरं पळवतं, अशा गोष्टी आमच्या कानावर येतात. ज्या दोन-तीन आम्ही मुळाशी जाऊन पाहिल्या, त्यांत तडस नव्हतंच.

१७. गोरेवाड्यात एवढी जागा आहे. त्रास देणारे सगळे वाघ तिथे का नाही ठेवत?

गोरेवाड्याचं बचाव केंद्र आणि २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेलं प्राणी उद्यान, दोन्हींना मर्यादा आहेत. जंगलातून आलेल्या प्रत्येक मोठ्या जनावराला वेगळा पिंजरा, वेगळं अंगण आणि रोजचं मांस लागतं, आणि तो पुढची दहा-बारा वर्षं जगतो. बंदिस्त जागेचे आपले धोकेही असतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे तीन वाघ आणि एक बिबट मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला.

दुसऱ्या जंगलात सोडण्याचे प्रयोग होतात. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. पण अशा जागा मोजक्या, आणि तिथल्या गावांनाही तुमच्यासारखेच प्रश्न असतात.

१८. सफारीत वाघ अगदी जवळून पाहिला, व्हिडिओ टाकला तर काय बिघडतं?

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी जिप्सी लागल्या आणि तिला निघायला वाट राहिली नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याची स्वतःहून दखल घेतली. चालकाला "आणखी थोडं पुढे" म्हणणारे आपणच असतो आणि बक्षिसी देणारेही आपणच.

जंगलाबाहेर, शेतात दिसलेल्या वाघाचा व्हिडिओ असेल तर गावाचं नाव आणि जागा टाकू नका. दोन तासांत तिथे प्रश्न ४ मधली गर्दी होते. आणि "आपल्या गावातला" म्हणून आलेला व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी मागची झाडं पाहा. नारळ आणि चहाचे मळे दिसत असतील तर तो पारशिवनीचा नाही.

१९. हल्ल्यात स्वतःला वाचवताना कुऱ्हाड मारली आणि बिबट्या मेला. गुन्हा लागेल का?

कलम ११ (२) प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेली मारहाण गुन्हा ठरत नाही. अपवाद असा की त्या क्षणी तुम्ही याच कायद्याविरुद्ध काही करत असलात, उदाहरणार्थ फासे लावायला गेला असलात, तर ही ढाल मिळत नाही. लगेच कळवा, तुमच्या जखमांची दवाखान्यात नोंद करा. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, त्याला हात लावू नका. ढोर वाचवताना मारलं तर हे कलम लागू होत नाही, त्यात फक्त माणसाचा जीव येतो.

२०. माझ्या वावरात वाघ मेलेला सापडला. तार माझी नव्हती. कळवलं तर मलाच धरतील, पुरून टाकू का?

नका. हा प्रश्न आम्हाला निनावी नंबरांवरून एकापेक्षा जास्त वेळा आला आहे, म्हणून इथे लिहितो. २०१७ मध्ये नागभीडकडे 'जय'चा पोरगा श्रीनिवासन तारेला लागून मेला. शेतकऱ्याने त्याला पुरला, पण वाघाला कॉलर होती. शोध लागलाच. पुरला नसता तर तो तारेचा गुन्हा राहिला असता, पुरल्यामुळे पुरावा नष्ट केल्याचाही झाला.

तार जिथे आहे तिथेच राहू द्या, जवळ जाऊ नका, वीज चालू असू शकते. सरपंच किंवा पोलीस पाटलाला सोबत घेऊन १९२६ वर कळवा, म्हणजे कळवण्याची वेळ दोन माणसांच्या साक्षीने नोंदली जाते. शवविच्छेदन होईपर्यंत शेताजवळ कुणाला फिरकू देऊ नका. पंचनाम्यात नखं, दात, मिशा मोजतात. गर्दीत कुणी एक नख काढून खिशात घातलं तर संशय वाघ ज्याच्या वावरात आहे त्याच्यावर येतो, म्हणून वनविभाग येईपर्यंत दुरून का होईना, नजर तुम्हीच ठेवा.